एक पट्टा नवा, एक जुना

आमच्या घराच्या पुढच्या खोलीत पिठाची गिरणी आहे. ती बायकोची आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण कुणी नवखा माणूस मला "तुमची गिरणी" म्हणाला की शेजारचे लगेच दुरुस्ती करतात, "ह्यांची न्हाई, काकूची." हसनाबादला तिला काकूची गिरणी असंच म्हणतात. मी जालन्याला एका बियाण्याच्या कंपनीत हिशेबाच्या टेबलावर नोकरी केली, तिथेच खोली करून राहिलो, सुट्टीला गावी यायचो आणि परत जायचो. तेवढ्या वर्षांत या गिरणीवर मुलांची शिक्षणं झाली, घरावर स्लॅब पडला, आणि माझ्या जालन्याच्या खोलीवरचं पीठसुद्धा इथूनच गेलं. माझ्या पगाराचाही त्यात हात होता, पण ते कुणाच्या लक्षात नाही.

निवृत्त होऊन कायमचा घरी आलो तेव्हा कळलं, की सुट्टीच्या दिवशी गिरणी ऐकणं वेगळं आणि रोज ऐकणं वेगळं. लाईट आली की मोटार सुरू. मोटारीचा घुमारा, दगडांची घरघर, दळण टाकताना बायकांच्या गप्पा, हे सगळं सवयीचं होतं. पण आता त्यात एक नवीन आवाज शिरला होता. मोटारीवरून दगडाकडे जाणारे जे दोन रबरी पट्टे आहेत, ते दळण टाकलं की किंचाळायचे. बारीक, लांब आणि थांबता थांबत नाही असा आवाज. मधल्या खोलीत पेपर घेऊन बसलं तरी दातांतून कळ जायची. अंगणातलं कुत्रं उठून रस्त्यापलीकडे जाऊन बसायचं. मलाही तिकडेच जावंसं वाटायचं, पण माणसाला घर सोडून रस्त्यापलीकडे बसता येत नाही.

मी बायकोला म्हणालो की पट्टे गेलेत, बदलायला पाहिजेत. ती म्हणाली, चालतंय की. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, तर तिने कुणाचा तरी गव्हाचा डबा काट्यावर ठेवला आणि उत्तरच दिलं नाही. हे उत्तर न देणं मला नवीन होतं. स्वयंपाकघरात पाठमोरी असताना पाणी मागितलं तर पाणी यायचं नाही. मागून हाक मारली तर ती तशीच पुढे चालत जायची. मी माझा अर्थ लावून मोकळा झालो. इतकी वर्षं घर एकटीच्या हुकमतीत होतं, आता हा माणूस दिवसभर घरात असतो आणि हे बदला, ते हलवा असं सांगतो, तेव्हा तिला माझा कंटाळा आला असणार. ऑफिसात माझ्या हाताखाली माणसं होती. घरात मला कुणी हुंकारही देईना. मग मीही बोलणं कमी केलं. एका घरात दोन माणसं आणि मध्ये किंचाळणारे पट्टे, असे आमचे दिवस चालले होते.

एकदा ती देवळात गेलेली असताना मी मोटार सुरू करून मूठभर ज्वारी टाकली आणि पट्ट्याच्या कडेला अंगाचा कोरडा साबण धरला. कुणीतरी सांगितलेला उपाय होता. आवाज बंद झाला. मी खुशीत चहा केला. पण पूर्ण दळण पडलं तसा पट्टा साबणावरून सरकायला लागला, दगड मंद झाले आणि थोड्या वेळात किंचाळणं परत सुरू झालं. साबण मात्र अर्धा संपला. त्यावर ती बोलली, आणि भरपूर बोलली.

गिरणीचं एक शास्त्र असतं. ज्वारीच्या मागोमाग गहू टाकला तर गव्हात पहिली मूठ-दोन मुठी ज्वारीचं पीठ उतरतं आणि पोळी फाटते. म्हणून गहूवाल्या बायका ज्वारीवालीच्या मागे नंबर लावायला तयार नसतात. बाजरी सगळ्यांच्या शेवटी. उपवासाच्या भगरीचा दिवसच वेगळा, आणि त्या दिवशी आधी दगड झाडून पुसून घ्यायचे. ही सगळी भांडणं बायको जागेवरून न उठता मिटवते. पीठ चिमटीत चोळून जाड आहे की बारीक ते सांगते. आणि वरच्या डब्यातलं धान्य संपत आलं की दगडाचा आवाज बदलतो, तो ऐकून ती बाजूचं चाक फिरवते आणि दगड सैल करते. सगळ्या कामात हे काम मोठं. डबा रिकामा झाला आणि दगड तसेच आवळलेले राहिले, तर दगडावर दगड घासतो आणि त्याची कच पिठात पडते. पीठ दिसायला पांढरंशुभ्रच असतं. भाकरीचा पहिला घास घेतला की कळतं.

एके दिवशी दुपारी समोरच्या घरातल्या खाला आल्या. बायकोपेक्षा वयाने मोठ्या, आमच्या लग्नाच्या आधीपासून या गल्लीत राहणाऱ्या. गिरणी बसवली तेव्हा पहिलं दळण त्यांनीच टाकलं होतं. हातात रुमालात गुंडाळलेली अर्धी भाकरी होती. त्यांनी ती काट्यावर ठेवली आणि दाराकडे कुणी नाही ना ते पाहून हळू आवाजात म्हणाल्या, "भाबी, बुरा मत मानो. कच लागून राह्यली. मागच्या खेपेला बी लागल्ती, मी कुणाला बोलले न्हाई."

बायको त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. मग तिने भाकरीचा तुकडा मोडला, दाढेखाली धरला आणि तिचा चेहरा उतरला. तो उतरलेला चेहरा मी यापूर्वी फक्त तिचे वडील गेले तेव्हा पाहिला होता. आत जाऊन तिने आमच्या घरच्या ज्वारीचं पीठ आणून खालांच्या डब्यात भरलं. त्या नको नको म्हणत होत्या. त्या गेल्यावर ती मला म्हणाली की पट्टे सरकतात म्हणून दगड बराबर फिरत नाहीत आणि म्हणूनच कच पडते, तेव्हा उद्याच जालन्याला जा. मला वाईट वाटायला पाहिजे होतं. पण खरं सांगायचं तर मी मनातून खूश झालो. इतके दिवस मी सांगत होतो, शेवटी माझंच खरं झालं.

दुसऱ्या दिवशी लाईट गेल्यावर मी मोटारीचे नट सैल करून ती दगडाकडे सरकवली आणि दोन्ही पट्टे काढले. एकाच्या आतल्या बाजूला भेगा पडल्या होत्या, वाकवला की त्या उघडायच्या. दुसरा मात्र धडधाकट होता. कडेने चकचकीत झाला होता, पण भेग एकही नाही. आमच्या घराण्यात चप्पल तुटली तर दुसऱ्या पायातली जपून ठेवतात. माझ्या वडलांनी फुटलेल्या कपाच्या बश्या शेवटपर्यंत वापरल्या. त्यामुळे चांगला पट्टा फेकून द्यायचा ही गोष्ट माझ्या डोक्यात शिरणंच शक्य नव्हतं. मी भेगाळलेला पट्टा पिशवीत घातला आणि बसमध्ये बसलो.

पट्ट्यावरचा नंबर पुसून गेला होता. जालन्यातल्या दुकानदाराने तो खिळ्याला टांगून नव्याशी जुळवून पाहिला आणि विचारलं, गिरणीवर किती आहेत? मी म्हणालो, दोन. तर म्हणाला, मग दोन घ्या, हे जोडीनंच बदलतात, जुना ताणून लांब झालेला असतो. मी उभा जन्म कंपनीत हेच पाहिलं होतं, विकणारा माणूस एकावर कधी थांबत नाही. मी हसून एकच घेतला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा मी स्वतःवर फार खूश होतो.

घरी येऊन पट्टे चढवायला लागलो. नवा पट्टा पुलीवर चढेना. जुना आपोआप जाऊन बसला. मोटार आणखी दगडाकडे घेतली, मग नवा बसला, पण आता नवा ताठ आणि जुना शेजारी पोटात ढिला. मी म्हणालो, चालू झाल्यावर होतील सारखे. नट आवळले. हाताला काळं लागलं होतं ते पुसलं आणि लाईट यायची वाट पाहत बसलो.

लाईट आली तेव्हा खोलीत पाच-सहा बायका डबे घेऊन उभ्या होत्या. खालाही नुसत्या बघायला आल्या होत्या. बायकोने कळ दाबली, मोटार घुमली, दगड फिरायला लागले. तिने ज्वारी ओतली. आणि जो आवाज सुटला, तो आजवर झाला नव्हता. नवा पट्टा सगळा भार एकट्यावर घेऊन किंचाळत होता आणि जुना त्याच्या शेजारी फटफट करत होता. बायकांनी कानावर हात ठेवले. एकीचं कडेवरचं पोर रडायला लागलं. रबराचा जळका वास सुटला.

बायको आम्हा सगळ्यांकडे पाठ करून उभी होती. तिने मोटारीच्या कडेला तळहात टेकवला, क्षणभर धरला आणि वळून माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर समाधान होतं. ती म्हणाली, "बघा, गेला का न्हाई आवाज."

मला आधी वाटलं ती टोमणा मारते आहे. मग मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. ती मनापासून बोलत होती. तेवढ्या एका वाक्याने मला सगळं उलगडलं. पाणी, मागून मारलेल्या हाका, खाला बोलत असताना त्यांच्या तोंडावर रोखलेली नजर, आणि पिठातली कच. पट्ट्यांचा आणि कचेचा काही संबंध नव्हता. डबा रिकामा झाल्यावर दगड ओरडत होते आणि ते तिला ऐकूच येत नव्हतं.

मी जाऊन कळ बंद केली. बायकांना सांगितलं की माझंच चुकलं, पट्टा चुकीचा आणला, उद्या या. एक-दोघी हसल्या. साहेबांनी हात लावला अन् गिरणी बंद पडली, असं कुणीतरी म्हणालं. त्या गेल्यावर मी दार लोटलं, तिच्या समोर जाऊन उभा राहिलो आणि विचारलं, कधीपासून?

तिने आधी नाही नाही केलं. लाईटच कमीजास्त होती म्हणाली, मग ज्वारी ओली होती म्हणाली. नाचता येईना अंगण वाकडं. मग खाली पोत्यावर बसली.

"मोटार ऐकू येती," ती म्हणाली. "माणसं समोरून बोलली तर समजतं. बारीक काहीच येत न्हाई. पाखरं न्हाई, कुकरची शिट्टी न्हाई. तुम्ही मागून बोलता ते बी न्हाई."

मी म्हणालो की मला वाटलं तू मुद्दाम बोलत नाहीस. ती म्हणाली, मला वाटलं तुम्हीच रुसलेत म्हणून गप बसून राह्यले. यावर हसावं की काय करावं ते आम्हा दोघांनाही कळेना. मला तिच्यासाठी फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी, ती माझ्यावर रागावलेली नव्हती याचं इतकं बरं वाटलं की स्वतःची लाज वाटली. मग ती जे बोलली ते महत्त्वाचं होतं. "गावात सांगू नका. उद्या बहिरीची गिरणी म्हणतील, अन् परवा कुणी दळण टाकणार न्हाई."

यात अतिशयोक्ती नव्हती. आमच्या गावात माणसाच्या व्यंगावरून त्याच्या दुकानाला नाव पडतं आणि ते मरेपर्यंत जात नाही. फाट्यावर लंगड्याचं हॉटेल आहे, ते चालवणारा माणूस कधीच वारला, आता त्याचा धडधाकट नातू चालवतो, तरी ते लंगड्याचंच. हॉटेलाचं चालून जातं, लंगड्याने केलेला चहा काही लंगडा नसतो. पण बहिरीच्या गिरणीत कच पडणार हे शेंबड्या पोरालाही कळतं. काकूची गिरणी जाऊन बहिरीची झाली असती, तर तिने स्वतःच टाळं लावलं असतं. आणि गिरणीशिवाय ती दिवसभर काय करणार होती? निवृत्त झाल्यावर माणूस काय करतो ते मला माहीत होतं. तो साबण घेऊन पट्ट्यामागे लागतो.

मी पुन्हा जालन्याला गेलो, या वेळी तिला घेऊन. आधी दुकानातून दुसरा पट्टा घेतला. दुकानदार नुसता हसला, ते जास्त लागलं. मग कानाच्या डॉक्टरकडे. त्याने तपासून सांगितलं की गिरणीच्या आवाजाने बारीक आवाजांची नस गेली आहे, ती आता परत येणार नाही, कानाला मशीन लावा, आणि जमलं तर गिरणी सोडा. मशीन घेतलं. घरात त्याचा उपयोग झाला. मी पाणी मागितलं की पाणी येतं, आणि कधी कधी तुमचं तुम्ही घ्या असं उत्तरही येतं. पण गिरणीत ते लावलं की मोटारच डोक्यात शिरते, म्हणून तिथे ती ते काढून त्याच्या डबीत ठेवते. मुलाने फोनवर सांगितलं, आता बंदच कर. ती म्हणाली, बघू. तिच्या तोंडून बघू म्हणजे नाही.

नवे दोन्ही पट्टे जोडीने चढवले. सारखा ताण, सारखा भार. गिरणी इतकी गुपचूप चालायला लागली की दगडाचा आवाज स्पष्ट ऐकू यायला लागला. मला. म्हणून असं ठरलं की डबा रिकामा होत आला की मी तिला सांगायचं. मी तिच्या समोर भिंतीशी स्टूल टाकून बसायचं आणि दगडाचा आवाज चढला की हात वर करायचा. दगडाचा आवाज ओळखायला मला तिनेच शिकवलं. आठवून आठवून ती तोंडाने आवाज काढून दाखवायची, भरल्या डब्याचा असा, संपत आल्यावर असा. तिला न येणारे आवाज ती मला बरोबर काढून दाखवत होती. मला ते बघवत नव्हतं, पण शिकलो. मी दिवसभर तिथे का बसतो, याला तिने गावात कारण दिलं की साहेबांना घरात करमत नाही. मी ते कबूल केलं.

काही दिवस नीट गेले. मग महालक्ष्म्या जवळ आल्या. पुरणपोळीसाठी गहू, आंबिलीसाठी ज्वारी, सगळ्या गावाचं दळण एकाच वेळी निघतं. त्यात दोन दिवस लाईट नीट नव्हती. ती आली तेव्हा खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खालांची ज्वारी वरच्या डब्यात पडली होती. त्या भाकरीनंतर त्यांनी पहिल्यांदाच इथे दळण आणलं होतं, आणि या वेळी कच निघाली असती तर त्यांनी तोंड मिटून ठेवलं नसतं, ठेवायचं कारणही नव्हतं.

मी स्टुलावर होतो. दगडाचा आवाज चढायला लागला. मी हात वर केला. पण माझ्या आणि तिच्या मध्ये बायकांची भिंत होती, डोक्यावर डबे, कडेवर पोरं. ती मान खाली घालून पीठ चिमटीत चोळत होती. मी ओरडलो. या गोंगाटात ओरडणं ज्यांना ऐकू येतं त्यांनाही आलं नाही. आवाज आणखी चढला. आता क्षणभरात दगडाला दगड लागणार होता.

आमच्याकडे नवराबायको रस्त्याने जातानासुद्धा चार पावलं अंतर ठेवून चालतात. लग्नात हात हातात दिला तेवढाच, त्यानंतर चारचौघांत मी तिला कधी बोट लावलं नव्हतं. मी बायकांना बाजूला सारत घुसलो, एकीचा डबा सांडला, आणि जाऊन तिच्या खांद्यावर हात ठेवला. चांगला दाबून ठेवला. तिने वळून पाहिलं नाही. दुसऱ्या हाताने चाक फिरवलं आणि दगड सैल झाले.

आवाज उतरला तशा सगळ्या बायका आमच्याकडे वळल्या. माझा हात अजून तिथेच होता. मग खाला म्हणाल्या, "अगे मां, बुड्ढे को घर में बैठते ही जवानी आई." खोलीभर हसू फुटलं. मी हात काढला आणि सांडलेले गहू भरायला खाली बसलो, म्हणजे तोंड दिसायला नको. बायको लाल झाली होती, पण काम थांबवलं नाही. खालांचा डबा भरून दिला.

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. पारावर एकाने मला विचारलंसुद्धा, काय साहेब, काकूचा हात सुटंना म्हणे. खालांनी दुसऱ्या दिवशी उरलेली ज्वारी आणून रांगेत ठेवली. भाकरीबद्दल काही बोलल्या नाहीत, आणि त्या बोलल्या नाहीत म्हणजे काय ते आम्हाला समजलं.

त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे भिंतीशी बसायला गेलो तर स्टूल तिथे नव्हतं. तिने ते उचलून आपल्या मागे, अगदी चिकटून ठेवलं होतं. मी म्हणालो, इथे बसलो तर बायका रोज हसतील. तिने माझ्या तोंडाकडे बघून ते समजून घेतलं.

"हसू द्या," ती म्हणाली. "बहिरी तर म्हणत न्हाईत. इथंच बसा, खांदा हाताला आला पाहिजे."